गुडघेदुखीसाठी ताई-ची: विडी घरकुलातल्या एका लेकीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहतात. आई साठीला टेकल्या आहेत, उभ्या आयुष्यात विड्याच वळल्या. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. एक्स-रे बघून डॉक्टरांनी झीज सांगितली, वजन कमी करा आणि व्यायाम करा म्हणाले. आई योगवर्गाला गेल्या, पण मांडी घालायची आणि वज्रासनात बसायची वेळ आली तशी हिंमत सुटली. आता नात्यातल्या कुणीतरी ताई-चीचा, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा, व्हिडिओ पाठवलाय. यात काही अर्थ आहे का, की नुसते हात हलवणं? घरी जमेल का? आणि जन्मभर यंत्रमागावर उभं राहिलेल्या, मधुमेह असलेल्या वडिलांनीही करावं का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गुडघ्यांच्या पेशंटना बरीच वर्षं ताई-ची शिकवते. माझं उत्तर हो असं आहे. तुमच्या आईंसारख्या बायकांसाठी तर ठाम हो, आणि त्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे: यात जमिनीवर बसावं लागत नाही. आपल्याकडे व्यायाम म्हटला की सतरंजी आलीच. ज्या बाईने वर्षानुवर्षं मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, आठ-आठ तास बैठक मारली, तिच्या गुडघ्यांना पुन्हा तीच बैठक व्यायाम म्हणून द्यायची, हे मला कधी पटलं नाही. खाली बसणं जमलं तरी उठताना भिंतीला धरायचं, एका हाताने गुडघा दाबायचा, चारचौघींत लाज वाटायची. मग माणूस यायचंच बंद करतो. ताई-ची पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्याने होते, आणि उभं राहवत नसेल तर खुर्चीत.

आता हात हलवण्याबद्दल. व्हिडिओत नजर हातांवर जाते, कारण हात सुंदर दिसतात. काम मात्र पायांत चाललेलं असतं. शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर अत्यंत सावकाश न्यायचं, हाच त्यातला व्यायाम. एका कळशीतलं पाणी दुसरीत न सांडता ओतावं, तितकं सावकाश. या सावकाशपणात मांडीचे आणि खुब्याचे स्नायू सलग काम करत राहतात. भरभर चालताना ते क्षणभर ताणतात आणि सुटतात, इथे त्यांना सुट्टी नसते. करून बघा, पाच मिनिटांत मांड्या सांगतील.

‘गादी झिजली’, ‘वंगण संपलं’, ‘गॅप कमी झाला’ हे शब्द ऐकून पेशंट हबकतात आणि गुडघा जपायला लागतात, म्हणजे वापरायचाच बंद करतात. घोटाळा तिथे होतो. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे त्या ‘गादी’ला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव खेळता राहायला सांध्यावर भार पडावा लागतो, सुटावा लागतो. बसून राहिलं की मांडीचा स्नायू वाळतो, धक्का झेलणारं कुणी उरत नाही, दुखणं वाढतं, मग माणूस आणखी बसून राहतो. शिवाय एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचं गणित जुळतंच असं नाही. वाईट एक्स-रे घेऊन तीन मजले चढणारी माणसं असतात आणि बऱ्यापैकी एक्स-रे घेऊन कण्हणारीही. तेव्हा एक्स-रे बघून सांगितलेल्या झिजेच्या ग्रेडला घाबरू नका. ताई-चीने झिजलेली कूर्चा परत येत नाही आणि बाहेरच्या बाजूला वाकलेला पाय सरळ होत नाही. दुखणं, ताठरपणा, तोल आणि पायातली ताकद यांत मात्र फरक पडतो.

हे मी एकटी म्हणत नाही. बोस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमध्ये गुडघ्याच्या झिजेच्या २०४ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला आठवड्यातून दोनदा असं १२ आठवडे ताई-ची दिली, दुसऱ्या गटाला रीतसर फिजिओथेरपी. दुखणं आणि हालचाल यांत दोन्ही गट सारखेच सुधारले. मनाची उदासी मात्र ताई-चीच्या गटात जास्त कमी झाली. फिजिओ म्हणून हा निकाल मला थोडा झोंबायला हवा होता, पण नाही झोंबला. माझ्याकडे महिनाभर येणं ज्यांना परवडत नाही त्यांच्या हातात काहीतरी देता येतं, हे चांगलंच आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघा आणि खुबा या दोन सांध्यांच्या झिजेसाठी ताई-चीची ठाम शिफारस केली आहे. त्याच कागदात योगाची शिफारस गुडघ्यासाठी आहे, पण सौम्य शब्दांत. याचा अर्थ योग वाईट असा काढू नका. ज्यांना जमतो त्यांनी करावाच. तुमच्या आईंना जी आसनं जमली नाहीत ती त्यांच्यासाठी नव्हती, एवढंच.

ताई-ची मुळात चीनची युद्धकला. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावातून ती पसरली आणि तिच्या चेन, यांग, वू, सुन अशा शैली झाल्या. चेन शैलीत उभ्यानेच गुडघे वाकवून खूप खाली बसतात, मध्येच झटके असतात. ती तरण्या पोरांसाठी सोडून द्या. आपल्या कामाची सुन शैली. सुन लूतांग (१८६०–१९३३) यांनी ती घडवली. तिच्यात उभं राहणं उंच असतं, पावलं छोटी असतात, आणि पुढचं पाऊल टाकलं की मागचं त्याच्यामागे ओढून घेतात, त्यामुळे एकाच पायावर फार वेळ ओझं राहत नाही. सिडनीतले फॅमिली डॉक्टर पॉल लॅम यांनी १९९७ साली सहकाऱ्यांसोबत याच शैलीवरून संधिवाताच्या रुग्णांसाठी छोटा क्रम बसवला. लॅम यांना स्वतःलाच संधिवात. त्यामुळे त्या क्रमात दुखऱ्या गुडघ्याचा विचार आहे, दिखाव्याचा नाही. व्हिडिओ शोधायचाच तर संधिवातासाठी म्हणून केलेला, सुन शैलीचा शोधा. २४ हालचालींचा जो यांग शैलीचा प्रसिद्ध क्रम आहे तो चांगला आहे, पण त्यातही खाली बसून पाय लांब सरकवणं आणि लाथा आहेत. त्या तुमच्या आईंना नकोत.

(‘चिनी व्यायाम कशाला’ असं घरात कुणी म्हणालं, तर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच, हे ऐकवा. सोलापुरात तरी हा वाद तेवढ्यावर मिटतो.)

सुरुवात कशी करायची ते नीट सांगते, कारण गुडघे बिघडतात ते इथेच.

जागा सपाट हवी. ओली फरशी नको, घसरणारी सतरंजी नको. समोर ओटा असावा किंवा जड लाकडी खुर्ची, हात लांबवला की धरता येईल इतकी जवळ. प्लास्टिकची खुर्ची आधाराला घेऊ नका, भार पडला की ती सरकते. पायात सपाट तळव्याचे, मागून बंद असलेले बूट. स्लिपर नको. साडीचं म्हणाल, तर व्यायामापुरती सलवार किंवा गाऊनखाली लेगिंग असं काहीतरी घालायला लावा. लाजेखातर नव्हे, गुडघा कुठल्या दिशेला जातोय ते दिसायला हवं म्हणून. सहावारीच्या निऱ्यांखाली काय चाललंय ते शिकवणाऱ्यालाही दिसत नाही आणि करणारीलाही. शिवाय काठात पाय अडकतो.

पावलं खांद्याएवढ्या अंतरावर. गुडघे किंचित सैल, बाहेरून कुणाला कळणारही नाही इतकेच वाकवलेले. खाली बसायचंच नाही. आरशासमोर उभं राहून बघा: गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला हवी. झिजेच्या पेशंटांत गुडघा आत पडतो नाहीतर बाहेर फाकतो, आणि त्याच स्थितीत व्यायाम केला की आधीच दुखणाऱ्या बाजूवर आणखी भार येतो. मग हळूहळू वजन उजव्या पायावर न्यायचं. डावा पाय जमिनीवरच राहील, पण हलका, सहज उचलता येईल असा. परत मध्ये. मग डावीकडे. पहिला आठवडा एवढंच. हात कमरेवर किंवा ओट्यावर. आई म्हणतील, ‘हे काय, हा व्यायाम हाय व्हय?’ म्हणू द्या.

दुसऱ्या आठवड्यात पाऊल. टाच आधी टेकवायची, रिकामी, म्हणजे तिच्यावर वजन न देता. ती नीट टेकली याची खात्री झाल्यावर मगच वजन पुढे आणायचं. एरवी आपण चालताना पुढच्या पायावर पडतो आणि तो पाय आपल्याला सावरतो. इथे पडायचं नाही, पोचायचं. ही एक सवय अंगी लागली की जिना उतरताना फायदा दिसतो, कारण जिन्यावर आपण नेमकं हेच करत नाही. धपकन पायरीवर येतो आणि सगळा धक्का गुडघ्यात जातो.

वळण्याबद्दल मात्र काटेकोर राहा. पाऊल जमिनीत रोवलेलं आणि अंग वळवलं, की पीळ गुडघ्यात पडतो. गुडघा पुढे-मागे वाकायला केलेला सांधा आहे, पीळ सोसायला नाही. म्हणून आधी त्या पायावरचं वजन काढायचं, पाऊल हव्या त्या दिशेला वळवायचं, मग कंबर न्यायची. ताई-ची करून गुडघा दुखायला लागला म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचं दुखणं या एका चुकीतून आलेलं असतं. दुसरं कारण म्हणजे व्हिडिओतल्या माणसाएवढं खाली बसण्याची हौस.

हे बसलं की हात घ्या. छातीसमोर दोन्ही तळवे एकमेकांकडे धरून श्वास घेताना उघडायचे, सोडताना जवळ आणायचे. सुन शैलीत ही हालचाल पुन्हा पुन्हा येते. त्यानंतर ढगांसारखे हात: वजन डावी-उजवीकडे जाताना हात चेहऱ्यासमोरून आणि पोटासमोरून आळीपाळीने जातात. तीन महिन्यांत चार-पाच हालचाली नीट आल्या तरी पुष्कळ झालं. पूर्ण क्रम पाठ करण्याच्या मागे लागू नका. खांदा दुखत असेल तर हात छातीच्या वर न्यायची गरज नाही. श्वास कुठेही रोखायचा नाही, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही.

किती करायचं? रोज १५ ते २० मिनिटं पुरेत. आठवड्यात एखादा दिवस खाडा झाला तरी चालतं. रविवारी एकदम तासभर करून वसुली करायची नाही. गुडघा जेवढा वाकतो, हात जेवढा जातो, त्याच्या साधारण ७० टक्क्यांवर थांबायचं. आणि दुखण्याची एक मोजणी ठेवा. करताना मांडी भरून येणं, स्नायू दुखणं ठीक. पण व्यायामानंतर दोन तास उलटले तरी सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. बंद करू नका, निम्मं करा. करताना कळ आली, गुडघा अडकला किंवा एकदम दगा देऊन वाकला, तर मात्र थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

वेळ सकाळची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२च्या वर जातो, त्यामुळे सातच्या आत उरकायचं आणि आधी पाणी प्यायचं. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतल्या थंडीत उलट करा: सांधे सकाळी आखडलेले असतात, तेव्हा आधी गरम पाण्याने आंघोळ, थोडं घरातल्या घरात चालणं, मग व्यायाम. घरात जागा नसेल तर गच्ची चालेल. शहरात येणं होत असेल तर किल्ल्याजवळची हुतात्मा बाग किंवा सिद्धेश्वर तलावाच्या काठची सपाट जागा छान, पण त्यासाठी घरकुलातून रोज यायचं म्हटलं की आठ दिवसांत बंद पडणार. त्यापेक्षा शेजारच्या तीन-चार जणी गोळा करा. तुमच्या भागात गुडघे धरून बसलेल्या बायका शोधाव्या लागणार नाहीत. तुमच्याकडे तेलुगू बोलणाऱ्या पुष्कळ, तेव्हा सूचना तेलुगूत द्यायला एखादी पुढे आली तर फारच बरं; आयुष्यभर तेलुगूत बोललेल्या बाईला ‘वजन डाव्या पायावर’ हे तिच्या भाषेत ऐकलं की अंगात लवकर उतरतं.

शिक्षक मिळाले तर एक प्रश्न विचारा: ‘गुडघ्याच्या पेशंटला तुम्ही काय करायला देत नाही?’ याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे आईंना पाठवू नका, मग त्याच्या भिंतीवर कितीही पदकं असोत. कराटे-वुशू शिकवणारे बरेचदा ताई-चीही शिकवतात आणि ती चांगली शिकवतात, पण त्यांची सवय मुलांना खाली बसवण्याची असते.

आता एक गोष्ट तपासून घ्या. डॉक्टरांनी झीज सांगितली आहे, ठीक. पण सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा बराच जास्त टिकतो का? दोन्ही हातांचे छोटे सांधे, मनगटं सुजतात का? तसं असेल तर ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे बोलीतला आमवात, आहे का ते बघावं लागतं. त्यात ताई-ची चालते, पण सूज उतरलेली असताना, आणि औषधांच्या जोडीला. ‘व्यायामाने बरं वाटतंय’ म्हणून मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या आपल्या मनाने सोडल्या तर सांधे आतून खराब होत राहतात. आमवात जुना असेल तर मानेच्या जोरकस हालचाली टाळायच्या. आणि सांधा लाल, गरम, टम्म सुजलेला, वर ताप, अशी अवस्था असेल तर त्या दिवशी कुठलाच व्यायाम नाही, थेट दवाखाना.

बोटांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विड्या वळणाऱ्या बाईचा अंगठा दुखत नसेल असं मी समजत नाही. ओलं पान कापणं, गुंडाळणं, तोंड दुमडणं, दोरा बांधणं, सगळा जोर अंगठ्याच्या मुळाशी. तिथे ताई-चीकडून फार अपेक्षा ठेवू नका. अंगठ्याच्या मुळाला आधार देणारा पट्टा मिळतो, काम करताना तो घालायला लावा. त्याचा उपयोग जास्त. विड्या अजून वळत असतील तर जमिनीऐवजी खुर्चीवर बसून, सूप टेबलावर ठेवून वळता येतात का बघा. सुरुवातीला हात मंदावतो आणि मजुरी नगावर असते, हे मला ठाऊक आहे. निदान अर्ध्या तासाने एकदा उभं राहून दहा वेळा वजन डावी-उजवीकडे, इतकं तरी.

वजनाचं डॉक्टर बरोबर म्हणाले. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. ताई-चीने वजन फारसं उतरत नाही, ते ताटातूनच उतरवावं लागेल. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोडायला मी सांगणार नाही. चटणीतलं तेल आणि दिवसभरातल्या चहातली साखर मोजा. आणि ग्लुकोसामीनच्या महागड्या गोळ्या कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, वर सांगितलेल्या अमेरिकन कॉलेजच्या सूचनांत त्या नकोत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्या पैशात चांगले बूट येतील. हातात काठी घ्यायची झाली तर जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. आपल्याकडे हमखास उलटी धरतात.

फरक पडतोय की नाही हे ‘बरं वाटतंय का गं’ विचारून कळत नाही. आजच एक मोजमाप घ्या. पक्क्या खुर्चीत बसवायचं, हात छातीवर घडी, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. आकडा कॅलेंडरवर लिहा. १२ आठवड्यांनी परत मोजा. त्याआधी निकाल मागू नका. अभ्यासांतही साधारण एवढाच काळ दिलेला असतो. तीन महिने नीट करूनही आकडा हलला नाही, किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पुढची चर्चा करा. सांधा बदलावा लागला तरी आधी कमावलेली मांडीची ताकद वाया जात नाही, शस्त्रक्रियेनंतर उभं राहायला तीच कामाला येते.

राहिले वडील. त्यांनीही करावं, वेगळ्या कारणासाठी. यंत्रमागावर उभं राहून घालवलेल्या वर्षांनी त्यांचे पाय दणकट असतील, पण मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते आणि तोल जातो. वयस्कर माणसांचं पडणं कमी करण्यासाठी ताई-चीवर बरेच अभ्यास झालेत; ते एकत्र करून बघितले तर पडण्याचं प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने घटलेलं दिसतं. त्यांना अनवाणी करू देऊ नका, घरातसुद्धा. व्यायामानंतर तळवे बघायचे, फोड किंवा लाली आहे का ते. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी नको, आणि खिशात साखरेची पुडी असू द्या. दोघांनी एकाच वेळी केलं तर चालेल, फक्त आधाराला खुर्च्या दोन लागतील.